मेम्फिसचे कचरा कामगार (१९६८) आणि नागपूरला राहून गेलेला एक पाहुणा

संत्रानगरी

नमस्कार मंडळी,

मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा टेनेसी राज्यातलं मेम्फिस बघून आलो. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला ते लॉरेन मोटेल तिथे आहे. आता त्याचं नागरी हक्क संग्रहालय केलंय. ३०६ नंबरच्या खोलीबाहेरच्या सज्जाला फुलांचं चक्र लावलेलं असतं. ते बघायला गेलो, पण पाय थबकले ते आत ठेवलेल्या कचऱ्याच्या गाडीपाशी. म्युझियममध्ये कचऱ्याची गाडी कशाला, असं आधी वाटलं. तिथली माहिती वाचत गेलो तसा अंगावर काटा आला.

किंग यांचा खून झाला हे आपण शाळेत शिकलो. पण ते त्या दिवशी त्या गावात कशाला गेले होते, हे मला साठी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. ते कचरा कामगारांच्या संपासाठी गेले होते.

घडलं ते असं. मेम्फिसमध्ये कचरा उचलणारे बहुतेक सगळे काळे आणि मुकादम गोरे. लोकांच्या परसदारात जायचं, तिथला कचरा स्वतःच्या पत्र्याच्या टबात ओतायचा आणि तो टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन रस्त्यावरच्या गाडीपर्यंत आणायचा. टबाला भोकं पडलेली असत. त्यातून घाण पाणी आणि अळ्या मानेवरून सदऱ्यात उतरत. मजुरी ताशी दोन डॉलरच्या आत. दिवसभर राबूनही कित्येकांच्या घराला सरकारी मदत घ्यावी लागे.

३० जानेवारी १९६८ ला पाऊस होता. गटार विभागातल्या वीसेक काळ्या कामगारांना दोन तासांची मजुरी हातावर टेकवून घरी पाठवलं. गोऱ्यांना थांबवून घेतलं आणि पूर्ण दिवस भरून दिला. पुढे दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, पुन्हा पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे आडोशाला गाडीच्या मागच्या भागात शिरले, जिथे कचरा दाबायचं यंत्र असतं. वस्तीत कुणाच्या ओसरीवर उभं राहायची काळ्या कामगारांना मुभाच नव्हती. गाडी जुनी, तिच्याबद्दल तक्रारी आधीपासून होत्या. यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघेही चिरडले गेले. रोजंदारीवर असल्यामुळे नुकसानभरपाईचा कायदा त्यांना लागू नव्हता. घरच्यांना एक महिन्याचा पगार आणि मातीसाठी ५०० डॉलर मिळाले. वॉकरची बायको तेव्हा पोटुशी होती.

१२ फेब्रुवारीला साधारण १,३०० कामगार कामावर गेलेच नाहीत. वरून आदेश आला नव्हता, मोठ्या युनियनच्या कचेरीला नंतर कळलं. टी. ओ. जोन्स नावाचा त्यांच्यातलाच एक माणूस १९६३ पासून युनियन बांधायच्या मागे होता. त्या वर्षी त्याच्यासकट ३३ जणांना कामावरून काढलं होतं. त्या ३३ ची आठवण म्हणून युनियनच्या स्थानिक शाखेला १७३३ हा क्रमांक घेतला.

मागण्या साध्या होत्या. युनियनला मान्यता द्या, वर्गणी पगारातून कापून द्या, मजुरी वाढवा, जीव जाणार नाही अशी व्यवस्था करा. महापौर हेन्री लोब एकाच गोष्टीवर अडून बसले होते: मान्यता नाही आणि वर्गणीची कपात नाही. पैशावर थोडंफार बोलता आलं असतं. या माणसांशी बरोबरीने टेबलावर बसायला मात्र ते तयार नव्हते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी धागा काढला. या संपाला साऱ्या काळ्या वस्तीचा पाठिंबा मिळवून देणाऱ्यांत आणि किंग यांना तिथे बोलावणाऱ्यांत रेव्हरंड जेम्स लॉसन हे नाव सगळ्यात पुढे आहे. कोरियाच्या युद्धाला जायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला हा माणूस १९५३ ते १९५६ कुठे होता, माहीत आहे? आपल्या नागपूरला, हिस्लॉप कॉलेजात! मुलांना शिकवत होता, खेळ शिकवत होता आणि गांधींचा सत्याग्रह समजून घेत होता. अमेरिकेतल्या माँटगोमेरी गावातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी डिसेंबर १९५५ मध्ये त्याने नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली आणि आनंदाने टाळ्या वाजवत ओरडला. मी त्याच हिस्लॉपमध्ये चार वर्षं काढली. त्या व्हरांड्यातून रोज गेलो. एका मास्तरांनीही हे नाव घेतलं नाही. लॉसन २०२४ च्या जूनमध्ये ९५ वर्षांचे होऊन गेले.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट मांडायची आहे. मजुरी आणि मान या दोन मागण्या वेगळ्या काढता येत नाहीत. मेम्फिसच्या कामगारांनी छातीवर जो फलक लावला त्यावर पगाराचा आकडा नव्हता. चार शब्द होते फक्त: आय ॲम अ मॅन. मी माणूस आहे.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. सफाई कामगार, गिरणी, रेल्वे यांच्याशी कुणाचा संबंध असेल तर जरूर लिहा.

चिंचेचं_बन

संत्रानगरीकाका, लॉसन यांचं नागपूर प्रकरण मला अजिबात माहीत नव्हतं. एक शंका. पोटापाण्याचा संप होता ना? मग "मी माणूस आहे" असं का लिहिलं? कुणी नाही म्हणत होतं का?

संत्रानगरी

म्हणत होते की. चाळिशी-पन्नाशीच्या बाप्याला गोरा मुकादम "बॉय" म्हणून हाक मारायचा. आपल्याकडे "ए पोऱ्या" म्हणावं तसं. आजोबा झालेल्या माणसालाही तेच. "बॉय"ला दिलेलं उत्तर म्हणजे तो फलक.

लॉसन यांनी त्या दिवसांत कामगारांना हेच सांगितलं होतं, की माणूस हा माणूस नाही ही कल्पनाच वर्णद्वेषाच्या मुळाशी असते. महापौर तुम्हाला लहान मुलांसारखं वागवतात, ते खपवून घेऊ नका.

चौकीवाला

मी लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो.

माझे वडील एका महानगरपालिकेत सफाई कामगार होते. शहराचं नाव घेत नाही. आधी अकरा वर्षं कंत्राटावर, मग कायम. मीही आता त्याच खात्यात आहे आणि युनियनचं थोडंफार काम करतो. पावसाचं जे काकांनी लिहिलं ते वाचून हात थांबला. आमच्या हजेरी चौकीला पत्रे होते पण अर्धे उडालेले. पाऊस जोराचा आला की वडील आणि त्यांच्या बीटवरचे लोक एका सोसायटीच्या गेटच्या छपराखाली उभे राहायचे. एकदा वरच्या मजल्यावरून बाई ओरडल्या, की यांना तिथे उभं करू नका, वास येतो. वॉचमनने हात जोडले, म्हणाला दादा, माझी नोकरी जाईल. तेव्हापासून पाऊस आला तरी ते उघड्यावरच उभे राहायचे. मी तेव्हा सातवीत होतो, डबा द्यायला गेलो होतो म्हणून बघितलं.

गमबूट मिळायचे ते दोन वर्षांतून एकदा आणि मापाचे कधीच नाही. वडिलांचा पाय आठ नंबर, बूट दहा नंबरचा. पुढे चिंध्या कोंबायचे. हातमोजे फाटले की नवे येईपर्यंत हातच. घरी आल्यावर आधी मोरीत, मग घरात. आई त्यांचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. इतकी वर्षं झाली, तरी ती बादली दुसऱ्या कशाला वापरलेली मला आठवत नाही.

कंत्राटाच्या काळात हजेरी पुस्तकात नाव सारखं बदलायचं. २४० दिवस कुणाचेच भरू द्यायचे नाहीत, म्हणजे कायम करायचा प्रश्न येत नाही. आज एका ठेकेदाराकडे, दुसऱ्या महिन्यात दुसऱ्याकडे, काम तेच, गाडी तीच, झाडूही तोच. दिवस चुकला तर खाडा. आजारी पडला तर खाडा. पावसामुळे गाडी आली नाही तरी खाडा आमचाच.

मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हीच लढाई वर्षानुवर्षं कोर्टात लढली. मिलिंद रानडे आणि त्यांचे सहकारी. कागदोपत्री हे कामगारच नाहीत, हे तर "स्वयंसेवक", यांना मिळतं ते "मानधन", असा तिथे बचाव होता. शेवटी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० जणांना कायम करायच्या बाजूने निकाल दिला. निकाल येईपर्यंत किती जण वारले ते त्या लोकांनाच ठाऊक.

आणि हे काम करणारे कोण, ते सांगायला नको. आमच्या चौकीवर आडनावं वाचलीत तर गावकुसाबाहेरचा नकाशाच तयार होतो. वारसाने नोकरी मिळते, लाड-पागे समितीच्या शिफारशीवर. त्या नोकरीने आमचं घर उभं राहिलं, ते मी नाकारत नाही. पण झाडूसुद्धा वारशानेच येतो. बहिणीने बी.कॉम. केलं, तरी नातेवाईक विचारत होते की बापाच्या जागेवर का नाही लागत.

रोखठोक_नाशिक

भावना समजतात, तरी दोन गोष्टी स्पष्ट लिहितो.

एक, अमेरिकेतल्या युनियन काही संत नव्हत्या. काळ्यांना युनियनबाहेर ठेवणारे गोरे कामगारच होते. मग "युनियन आणि वर्णद्वेषाविरुद्धचा लढा" हे एका वाक्यात कसं बसतं?

दोन, संपाने भलं होतं हे आपण मुंबईकरांना तरी सांगू नये. ८२ च्या संपात माझ्या मामाची गिरणी गेली, घर गेलं. त्याने शेवटपर्यंत वडापावची गाडी चालवली.

संत्रानगरी

रोखठोक, पहिला मुद्दा शंभर टक्के खरा, आणि तो झाकून ठेवायची माझी इच्छाही नाही. जून १९४३ मध्ये डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली म्हणून २५,००० गोरे कामगार बाहेर पडले. ऐन महायुद्धात! १९४४ मध्ये फिलाडेल्फियात काळ्यांना ट्राम चालवायला देणार म्हटल्यावर गोऱ्यांनी शहराची वाहतूकच बंद पाडली, शेवटी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना लष्कर पाठवावं लागलं. हेही संपच होते. रेल्वेतल्या जुन्या गोऱ्या संघटनांच्या नियमांतच काळ्यांना मज्जाव होता.

याचा फायदा कुणाला झाला ते बघा. बाहेर ठेवलेला माणूस उपाशी असतो, आणि मालक त्यालाच कमी पैशात आत आणून तुमचा संप मोडतो. मग गोरा कामगार त्या काळ्यालाच शिव्या देतो. दाराला कुलूप त्याने स्वतःच लावलेलं असतं.

काळ्यांच्या बाजूने उभी राहिलेली युनियनची माणसंही होती, म्हणून तर इतिहास पुढे सरकला. पण आपोआप काही झालं नाही. युनियनच्या आत भांडावं लागलं.

धोटा_आणि_कांडी

आत भांडावं लागलं, हे वाक्य आमच्या गिरणगावाला तंतोतंत लागू आहे.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. महार. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. पण तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी (सुताची रीळ) संपली की धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या नळीत, नवी कांडी घालताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आपण तोंड कसं लावायचं, म्हणून मराठा आणि इतर सवर्ण कामगारांचा विरोध. एक इंचभर दोरा! तेवढ्यासाठी एका अख्ख्या समाजाचा जास्तीचा पगार पिढ्यानपिढ्या बुडाला. पाण्याची व्यवस्थाही वेगळी असायची, ते आजी सांगायची.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. आमच्या लोकांना सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क आहे, ही मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आमच्या लोकांना मी संपात राहा असं सांगणार नाही. पुढारी नाखुशीने कबूल झाले. लाल बावट्याखाली जमलेल्यांनासुद्धा हे आपणहून सुचलं नव्हतं, हे नोंदवायलाच हवं. मी स्वतः डाव्या विचारांचा आहे, आणि हे लिहिताना वाईट वाटतं.

दहा वर्षांनी, १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला, मनमाडला जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. (तारीख बघा, १२ फेब्रुवारी. मेम्फिसच्या संपाच्या बरोब्बर तीस वर्षं आधी.) त्या भाषणातली ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू ही मांडणी सगळ्यांना माहीत असते. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण समाज असं त्यांना म्हणायचं नव्हतं, स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव नाकारणारी वृत्ती असं म्हणायचं होतं, आणि ती सगळ्याच जातींत मुरलेली आहे हेही त्यांनी तिथेच सांगितलं. पण मला त्या भाषणातला एक साधा तपशील जास्त लागतो. रेल्वेत आपला माणूस जन्मभर गँगमनच का राहतो? पोर्टर का होत नाही? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करावी लागतात आणि मास्तर पडला सवर्ण, त्याला घरात हा चालत नाही.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. म्हणजे आत भांडूनही बाहेर एकत्र लढता येतं.

जर्सीवाली

धोटाभाऊ, पोर्टरचं वाचून चमकले. अमेरिकेत बरोबर उलटा प्रकार. तिथे झोपायच्या डब्यांची पुलमन कंपनी पोर्टर म्हणून मुद्दाम काळेच ठेवायची आणि त्यांना कंडक्टर होऊ द्यायची नाही. रात्रभर प्रवाशांचे बूट पुसायचे, बिछाने घालायचे, बक्षिसीवर जगायचं. सगळ्यांना हाक एकच, "जॉर्ज", कारण कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन. पूर्वी गुलामाला धन्याच्या नावाने ओळखायचे, तसंच.

ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्या पोर्टरांची युनियन बांधली. कंपनीबरोबर करार व्हायला १९३७ उजाडलं, बारा वर्षं! पण मिळालेली ताकद त्यांनी पगारापुरती ठेवली नाही. १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर काळ्यांचा मोर्चा आणतो असा इशारा रँडॉल्फ यांनी दिला, तेव्हा रूझवेल्टनी युद्धसाहित्याच्या कारखान्यांत वर्णभेद करायला मनाई करणारा हुकूम काढला आणि मोर्चा न निघताच काम झालं. १९६३ च्या ज्या मोर्चात किंग यांचं स्वप्नाचं भाषण झालं तोही रँडॉल्फ यांच्याच पुढाकाराने निघाला. त्याचं पूर्ण नाव "नोकऱ्या आणि स्वातंत्र्य यांसाठी मोर्चा". नोकऱ्या आधी. पुढे लोकांच्या लक्षात फक्त स्वप्न राहिलं. देशातल्या कामगार संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने त्या मोर्चाला पाठिंबा द्यायचं नाकारलं होतं, मोटार कामगारांच्या युनियनने मात्र दिला.

आणि लॉसन नागपूरला ज्याची बातमी वाचत होते तो माँटगोमेरीचा बहिष्कार? बसमध्ये गोऱ्याला जागा द्यायला नकार दिला म्हणून अटक झालेल्या रोझा पार्क्सना जामिनावर सोडवायला गेलेले ई. डी. निक्सन हे त्या गावातले पुलमन पोर्टरांच्या युनियनचे पुढारी. वर्षानुवर्षं सभा घेणं, वर्गणी जमवणं, माणसं हजर करणं ही सवय तिथून आलेली. नाहीतर एका वीकएंडमध्ये अख्खं गाव बसमधून उतरवणं सोपं नाही.

रोखठोक_नाशिक

हे सगळं मला नवीन आहे, मान्य. पण ८२ वर कुणी बोललं नाही.

धोटा_आणि_कांडी

बोलतो. माझ्याही घरात तो संप झाला आहे, तेव्हा तुमच्या मामांचं दुःख मला परकं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बोनस हे होतंच. पण मुळात डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे लोक गेले ते मान्यतेच्या प्रश्नावर. १९४६ च्या कायद्याने अख्ख्या कापड धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांना ती आपली वाटत नव्हती आणि ती बदलायची वाटही नव्हती. आमच्यातर्फे कोण बोलणार हे आम्ही ठरवू, ही मागणी मेम्फिसची आणि गिरणगावची एकच.

मग तिथे जमलं आणि इथे नाही, का? मला दोन कारणं दिसतात. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता आलं. मेम्फिसचा कचरा मेम्फिसमध्येच उचलावा लागत होता. आणि कित्येक मालकांना गिरण्या चालवण्यात रस उरलाच नव्हता, त्यांच्या पायाखालची जमीन कापडापेक्षा महाग झाली होती. संप मोडला म्हणजे मागणी चूक होती असं मी म्हणणार नाही. आज परळला जे टॉवर उभे आहेत त्यांच्याखाली आमच्या लोकांची न मिळालेली देणी आहेत.

मुक्ताई

इतका वेळ वाचते आहे, सगळे बाप्येच बोलताहेत आणि बाप्यांबद्दलच. मेम्फिसच्या संपात बायका कुठे होत्या? संपावरच्या घरात चूल कोण पेटवत होतं?

संत्रानगरी

ताई, चूक दाखवलीत ते बरं केलंत. २२ फेब्रुवारीला कामगार नगरपालिकेच्या सभागृहातच ठाण मांडून बसले, तेव्हा बायकांनी पाव आणून तिथल्या तिथे शेकडो सँडविच बनवून सगळ्यांना खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी मोर्चावर पोलिसांनी डोळ्यांत जाणारा रासायनिक फवारा मारला, त्यातही बायका आणि पाद्री होते. त्यानंतर सगळी काळी वस्ती उठली. पेठेतल्या दुकानांवर बहिष्कार, वर्तमानपत्रांवर बहिष्कार, महापौरांच्या घराण्याच्या लॉन्ड्रीवर बहिष्कार. घरातली खरेदी बायकांच्या हातात, तेव्हा बहिष्कार त्यांच्याशिवाय एक दिवसही टिकला नसता. आणि ८ एप्रिलला, नवऱ्याला जाऊन चार दिवस झालेले असताना, कोरेटा किंग मुलांना घेऊन मेम्फिसच्या मूक मोर्चाच्या पुढे चालल्या. चाळीस हजारांवर लोक होते.

जर्सीवाली

मुक्ताई, पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला इस्पितळांतल्या चारशेहून अधिक कामगारांनी संप केला. जवळजवळ सगळ्या काळ्या बायका. मेरी मोल्ट्री त्यांची पुढारी. बारा जणींना कामावरून काढल्यावर ठिणगी पडली. कोरेटा किंग तिथेही गेल्या.

चिंचेचं_बन

काका, शेवटी मेम्फिसला मिळालं काय?

संत्रानगरी

किंग पहिल्यांदा आले १८ मार्चला. हॉटेलात गोऱ्यांशेजारी बसायचा हक्क मिळाला, पण खिशात खायला पैसे नसतील तर काय उपयोग, असं ते त्या सभेत बोलले. २८ मार्चच्या मोर्चात दगडफेक आणि मोडतोड झाली. पोलिसांच्या गोळीने लॅरी पेन हा १६ वर्षांचा मुलगा गेला. किंग फार खचले, पण परत आले. ३ एप्रिलच्या वादळी रात्री शेवटचं भाषण केलं, त्यात लॉसन यांचं नाव घेऊन कौतुक केलं. ४ एप्रिलला संध्याकाळी सहा वाजता सज्जावर गोळी लागली.

१६ एप्रिलला करार झाला. ६५ दिवसांचा संप. युनियनला मान्यता मिळाली आणि ताशी १५ सेंट वाढ, तीही दोन हप्त्यांत: १ मेपासून १० आणि १ सप्टेंबरपासून ५. वाढीसाठी शहराकडे पैसे नाहीत म्हटल्यावर एब प्लॉव या स्थानिक उद्योगपतीने नाव न सांगता रक्कम भरली. कामगारांनी क्लेबॉर्न टेम्पल या चर्चमध्ये जमून उभं राहून होकार दिला. संपाचं ठाणं तेच होतं. ते चर्च २०२५ च्या एप्रिलमध्ये आगीत जळालं. मी बाहेरूनच भिंती बघितल्या. शेजारच्या चौकातल्या भिंतीवर संपकऱ्यांची नावं कोरलेली आहेत, ती शाबूत आहेत.

पण सगळंच मिळालं नाही. शहराच्या पेन्शनपासून ही माणसं लांबच राहिली. म्हातारपणी पैसे पुरेनात म्हणून काही जण सत्तरी ओलांडूनही कचरा उचलत होते. २०१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, हयात असलेल्या संपकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायचं शहराने जाहीर केलं. तोवर तेराशेतले मोजके उरले होते.

चौकीवाला

काका, वर्गणीचं काय झालं? महापौर कपातीवर अडले होते ना? आमच्याकडे तोच घोळ आहे. दर महिन्याला दारोदार जाऊन पावत्या फाडाव्या लागतात.

संत्रानगरी

त्यांनी तोड काढली. पालिकेने युनियनची वर्गणी कापायची नाही, कामगारांच्या पतपेढीसाठी रक्कम कापायची आणि पतपेढीने ती युनियनला द्यायची. महापौरांना म्हणता आलं की मी वर्गणी कापली नाही. युनियनला वर्गणी मिळाली. तुमची पतपेढी आहे का?

चौकीवाला

आहे! रविवारी मीटिंगमध्ये हा विषय घेतो.

अजून एक. येत्या मोर्चाला आम्ही "मी माणूस आहे" असा फलक करतोय. माझी बायकोही झाडू खात्यात आहे, सकाळी साडेसहाच्या पाळीला. ती म्हणाली, बरं झालं आपल्या भाषेत माणूस म्हटलं की त्यात बाईसुद्धा येते.

मुक्ताई

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

संत्रानगरी

चौकीवाले दादा, एक बारीक गोष्ट. मूळ इंग्रजी फलकावर चार शब्दांपैकी एकाखाली जाड रेघ आहे. आपल्या "आहे"ला जो शब्द, त्याच्याखाली. पेंटरला सांगा.

चौकीवाला

आत्ताच त्याच्याकडून आलो. एका फलकावर त्याने "माणूस"खाली ओढली होती, ती पुसून घेतली. चाळीस फलक आहेत, सगळ्यांवर "आहे"खाली.